तेवीस किलोंत बसलेली पुस्तकं

जुलैचा शेवटचा शनिवार, सकाळचे अकरा. इल्फर्डच्या क्लेमेंट्स रोडवर रेडब्रिज सेंट्रल लायब्ररीत, मुलांच्या विभागात टेकायलाही जागा नाही. शाळांना नुकतीच सुट्टी लागली आहे आणि ‘समर रीडिंग चॅलेंज’मध्ये नाव घालायला आईबाप पोरांना घेऊन आले आहेत. १९९९ पासून या देशातल्या सार्वजनिक वाचनालयांत हा उद्योग दर उन्हाळ्यात चालतो. चार ते अकरा वयाच्या मुलांनी सुट्टीत पुस्तकं वाचायची, साधारण सहा. येऊन सांगायचं, स्टिकर घ्यायचे, शेवटी पदक आणि प्रमाणपत्र. पैसे काही पडत नाहीत.

टेबलामागची बाई प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारते आहे: तुला काय वाचायला आवडतं? एक जण फुटबॉल म्हणतो. एक मुलगी आईकडे बघते आणि आईच उत्तर देऊन टाकते, भराभर, पाठ केल्यासारखं. बाई हसून मान डोलावते आणि पुन्हा मुलीकडेच बघत राहते. मागे रांग वाढते आहे, तरी ती थांबते. शेवटी मुलगी पुटपुटते, “भुतं.” बाई खूश होऊन तिला भुतांच्या कपाटापाशी नेते. मला ते थांबणं फार आवडतं. माझ्या शाळेत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या खिशात. आवडनिवड विचारायची पाळीच येत नसे.

खिडकीशी, मुलांसाठी केलेल्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन एक आजी बसल्या आहेत. सुती साडी, वर करडं स्वेटर, पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. इल्फर्डमध्ये असे बूट आणि अशी साडी दिसली की समजावं, मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आहेत. इथल्या कपाटांत उर्दू, गुजराती, बंगाली पुस्तकंही आहेत. रेडब्रिजमध्ये २०२१च्या जनगणनेत जवळपास निम्म्या लोकांनी स्वतःला आशियाई म्हणून नोंदवलं, तेव्हा त्यात नवल नाही. आजींना मात्र कपाटांकडे जायचंच नाही. त्यांनी आपलं पुस्तक पिशवीतून आणलं आहे. वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर, त्यावर कुठल्याशा बँकेच्या ठेवींची अर्धवट जाहिरात. खुणेला बोर्डिंग पास.

पायाशी गालिच्यावर सात वर्षांची नात पालथी पडली आहे. तिच्या एका बाजूला न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग, दुसऱ्या बाजूला सोडून दिलेल्यांचा. दुसरा ढीग वाढतो आहे.

“अगं, हातातलं पुरं कर की आधी,” आजी म्हणतात.

“पण हे बोअरिंग आहे.”

“शेवटी चांगलं होईल.”

“आजी, ते आत्ता बोअरिंग आहे.”

मी मनातून नातीच्या बाजूची आहे. पुस्तक अर्धवट टाकण्याचा हक्क वाचकाला हवाच. तो नसेल तर वाचन म्हणजे गृहपाठ. पण आजींशी बोलायला लागते तेव्हा त्यांची बाजू कळते. त्यांनी सहा महिन्यांसाठी चार पुस्तकं आणली आहेत. “एक टाकलं, तर तीनच राहतील ना?” त्या म्हणतात आणि पान उलटतात. वाचताना त्यांचे ओठ बारीक हलत असतात. नातीचे हलत नाहीत. तिची मान मात्र हलते, डावीकडून उजवीकडे.

निघताना नात सगळा ढीग यंत्रापुढच्या फळीवर ठेवते. यंत्र एका दमात सगळ्यांची नोंद करतं आणि परतीच्या तारखेची चिठ्ठी सोडतं. या देशात १९७९ साली कायदा झाला, त्यामुळे पुस्तक असं वाचनालयातून नेलं की लेखकाच्या खात्यात काही पेन्स जमा होतात. खपणाऱ्या लेखकांचीच चैन होऊ नये म्हणून वर्षाला ६,६०० पौंडांची कमाल मर्यादाही आहे. सात वर्षांची ही पोर न वाचताही पाच-सहा लेखकांना चहाला हातभार लावून बाहेर पडते.

हाय रोडवर ऊन आहे आणि स्टेशनाकडून एलिझाबेथ लाइनची माणसं लोंढ्याने येत आहेत. ही लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. आजी चालताना सांगतात की इल्फर्ड हे नाव त्यांनी लग्नाआधी वाचलं होतं. त्यांच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता आणि फोटोच्या कागदाच्या खोक्यांवर ते छापलेलं असे. नाव याच गावाचं. आल्फ्रेड हार्मन यांनी १८७९ मध्ये इथे फोटोच्या काचा बनवायला सुरुवात केली, पुढे कंपनीने गावाचंच नाव घेतलं आणि ते जगभरच्या अंधाऱ्या खोल्यांत पोचलं. कारखाना इथून कधीच गेला. “मला वाटायचं, इल्फर्ड हे मालकाचं आडनाव असेल,” आजी म्हणतात.

संध्याकाळी मराठी पुस्तकांच्या अदलाबदलीला त्यांच्याच घरी जमायचं आहे.

*

इल्फर्ड लेनच्या बाजूच्या गल्लीतलं हे घर म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं एक. दारात चपला-बुटांचा खच. समोरच्या खोलीत जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आहे आणि त्यावर पुस्तकं. आषाढ आहे म्हणून नाशिकच्या काकूंनी कापण्या तळून आणल्या आहेत. टेबलाच्या टोकाला डबा आणि त्यावर सक्त ताकीद: तेलकट हातांनी पुस्तकाला हात लावायचा नाही.

महाराष्ट्र मंडळ लंडनमध्ये आहे, १९३२ पासून आहे, न. चिं. केळकरांच्या हातून सुरू झालेलं. पण ते डॉलिस हिलला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लंडनमध्ये मराठी पुस्तकांचा मोठा साठा बघायचा तर तो सेंट पॅन्क्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथल्या जुन्या संग्रहातल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची ब्लूमहार्ट यांनी १८९२ मध्येच काढली होती. ती पुस्तकं तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत. लोळून वाचणाऱ्यांची सोय कुठेच नाही, म्हणून हे टेबल.

नाशिकहून विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ पासून चालवलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पुस्तकांच्या पेट्या भरायच्या, वाचकांच्या गटांना द्यायच्या आणि काही महिन्यांनी गटागटांत फिरवायच्या. त्या पेट्या दुबईपर्यंत आणि त्याही पुढे गेल्या आहेत. या टेबलामागे अशी शिस्तशीर योजना नाही. इथे पुस्तक येतं ते कुणाच्या तरी आईच्या बॅगेतून. बॅगेला मर्यादा तेवीस किलोंची.

“माझ्या सासूबाईंनी या वेळी मेतकूट काढलं आणि दोन दिवाळी अंक घातले,” यजमानीणबाई सांगतात. आजी लगेच दुरुस्ती करतात, “मेतकूट काढलं नाही गं, कमी केलं. काढली ती तुझ्या नवऱ्याची लोकरी टोपी.” हाताने उचलून बघायचा तो आकड्याचा वजनकाटा घराघरांत आहे. गोडा मसाला, भाजणी, कोकम, पापड हे ठरलेले मानकरी. त्यांच्यातून जी जागा उरेल ती पुस्तकांची. म्हणून या टेबलावरची आवडनिवड निम्मी काट्याने ठरवलेली आहे. कथासंग्रह आहेत, ललित लेखांची सडपातळ पुस्तकं आहेत, कागदी बांधणीची प्रवासवर्णनं आहेत. जाडजूड ऐतिहासिक-पौराणिक कादंबरी एकही नाही. ‘मृत्युंजय’ वाचायची तर फोनवर, गाडीत उभ्याने. इल्फर्डचे मराठी लोक कथेचे चाहते आहेत, असा निष्कर्ष उद्या कुणी प्रबंधात काढला, तर त्याने आधी विमान कंपनीचे नियम वाचावेत.

‘अपूर्वाई’च्या तीन प्रती निघतात तेव्हा खोलीत हशा पिकतो. १९६०चं पुस्तक, पण विलायतेला निघालेल्या आईबापांच्या हातात अजूनही कुणीतरी ते आठवणीने ठेवतं. मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ही आहे. लंडनमध्ये राहिलेल्या बाईंनी लंडनवर लिहिलेलं पुस्तक लंडनच्या वाचकाला पुण्याहून मागवावं लागतं, याची इथे कुणाला गंमत वाटत नाही. त्यांना फक्त ते आत्ता कुणाकडे आहे हे हवं आहे.

त्यासाठी वही आहे. ठाण्याच्या ताई ती सांभाळतात. तारीख, पुस्तक, कोणी नेलं, परत. रकाने पट्टीने आखलेले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि ताईंचं बालपण त्याच्या आसपास गेलेलं, त्यामुळे कडकपणा उपजतच आहे. उघडं पुस्तक पालथं घालून ठेवणारा एक गृहस्थ इथे आहे. त्याच्या नावापुढे ताईंनी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे. त्याला ते माहीत नाही. मला ती फुली अगदी रास्त वाटते.

दिवाळी अंकांपाशी गर्दी जास्त. मागच्या दिवाळीचे अंक जुलैत वाचण्यात इथे काहीच वावगं नाही. पुढची दिवाळी येईपर्यंत ते फिरतात. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा तो महिनाभर पुरावा एवढीच त्यांची अपेक्षा असेल. इथे दिवाळी अंक नऊ महिन्यांनंतरही तग धरून असतो. उशिरा वाचण्याचा एक फायदाही आहे. एक काकू वार्षिक राशिभविष्य मोठ्याने वाचून दाखवत आहेत आणि ज्याचं त्याचं जमतं का ते ताडून बघितलं जातं आहे. “वृश्चिक. मार्चनंतर वास्तुयोग.” वृश्चिकेचा माणूस हात वर करतो: “मार्चमध्ये घरमालकाने भाडं वाढवलं.” “मग वास्तूचंच झालं की,” काकू म्हणतात आणि धनू राशीकडे वळतात.

कोपऱ्यात नागपूरचे काका बसले आहेत, मुलाकडे आलेले. काल ते प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर पाहून आले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. काकांना घराविषयी विचारलं तर ते पुस्तकांविषयीच बोलतात. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना शिक्षण अर्धं टाकून लंडनहून परतावं लागलं. स्वतः ते एका बोटीने गेले, पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली. महायुद्ध चालू होतं. पुस्तकांची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. १९२० मध्ये ते पुन्हा इथे आले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसू लागले. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं तेच पुस्तकांना जागा हवी म्हणून.

“पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तकं होती ती,” काका म्हणतात. खोलीत क्षणभर कुणी बोलत नाही. मग ते आपली छोटी बॅग थोपटतात. “म्हणून मी पुस्तकं सामानात टाकत नाही. हातातल्या बॅगेत. कपडे हरवले तर हरवू देत.”

*

सव्वाआठ. बाहेर लख्ख उजेड आहे, समोरच्या अंगणात कुणीतरी गवत कापतं आहे. मुलांना वरच्या मजल्यावरून खाली बोलावलं जातं. गालिच्यावर ती दाटीवाटीने बसतात. सोफ्यावर एका बाईच्या मांडीवर मेथीची जुडी आणि पसरलेला कागद. आल्यापासून ती पानं खुडते आहे. नाशिकच्या काकू म्हणतात की त्यांच्या वाड्यात चातुर्मासात पोथी लागायची तेव्हाही बायका वाती वळत बसायच्या. हात कामात, कान पोथीकडे. आषाढी होऊन गेली आहे, म्हणजे दिवस पोथीचेच आहेत.

पोथी आज ‘श्यामची आई’ची आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहायला घेतलेलं हे पुस्तक सांगण्याच्याच ढंगाने बांधलेलं आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना आकडे आहेत ते रात्रींचे, एकूण बेचाळीस. इथे शनिवारी एक रात्र होते.

मुलांना मराठी कळतं, बऱ्यापैकी बोलताही येतं. वाचायला बसवलं तर मात्र एका ओळीला एक मिनिट. त्यांच्या आया कामाला जाता-येता फोनवर कादंबऱ्या ऐकतात आणि मग हे वाचन की नाही यावर वाद होतो. मघाशी चहाच्या वेळी तो झालाच. ऐकणं म्हणजे आळस, असं एक काका म्हणाले. आजींनी कपबशी खाली ठेवली. “ज्ञानेश्वरी तरी आधी कुणी वाचली? नेवाशाला माउली बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली आणि लोकांनी ऐकली. वाचणारे नंतर आले.” त्यावर काकांनी कापणी उचलली. मी इथे येते ती बहुतेक अशा उत्तरांसाठी आणि हे मोठ्याने वाचणं ऐकायला. घरी एकटीने डोळ्यांनी वाचते तेव्हा मी वाक्यं गिळत सुटते. इथे आजींच्या वेगाने जावं लागतं. त्या स्वल्पविरामाला खरोखर थांबतात.

आजी चष्मा पुसतात. पुस्तक उघडतात. “रात्र...” एवढंच म्हणतात आणि पहिल्या रांगेतून हरकत येते.

“पण अजून रात्र नाही झाली.”

दहा वर्षांचा एक मुलगा उठतो आणि खिडकीचे दोन्ही पडदे ओढून घेतो. पोरं टाळ्या वाजवतात. रात्र होते. आता आजींना अक्षरं दिसेनात, म्हणून दिवा लावावा लागतो. मेथी खुडणारी म्हणते, मलाही काडी आणि पान एकच दिसतंय. दिवा थोडा तिच्याकडे सरकवला जातो. मग वाचन सुरू होतं.

आजचं प्रकरण श्यामच्या पोहण्याचं. सुट्टीत गावची मुलं विहिरीवर पोहायला जातात. श्याम भितो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत बाहेर घालवते. आजी ‘शिंपटी’शी पोचतात तेव्हा आवाज मुद्दाम कोरडा करतात. हाताने काही करून दाखवत नाहीत.

खालून कुजबुज. “हिट केलं?” “मॉमने?” एक मुलगी गंभीरपणे म्हणते, “त्याने टीचरला सांगायला पाहिजे होतं.” दोन आया एकमेकींकडे बघतात. प्रत्येकीला आपापल्या लहानपणची फूटपट्टी आठवत असणार. इथे शाळेत मूल असलं काही बोललं तर घरी चौकशी येऊ शकते, हेही प्रत्येकीला ठाऊक आहे. यजमानीणबाई समजावून सांगायला तोंड उघडतात, “बघा, त्या काळी...” आजी पुस्तकावरून नजर वर करतात आणि सुनेला फक्त म्हणतात, “थांब गं. पुढे वाचू दे.” सकाळी लायब्ररीतल्या टेबलामागच्या बाईने याहून वेगळं काही केलं नव्हतं.

पुढे श्याम विहिरीत पडतो, म्हणजे ढकलला जातो. नाकातोंडात पाणी. मुलं आता हलत नाहीत. मग तो तरंगतो, हात मारतो, भीती जाते. घरी येतो तर त्याच आईने त्याच्यासाठी दही राखून ठेवलेलं. इथे आजींचा आवाज घोगरा होतो. त्या एक ओळ पुन्हा वाचतात, बहुधा पहिल्यांदा नीट आली नाही म्हणून. मेथीवरचे हात थांबले आहेत. नागपूरचे काका पडद्याकडे बघत आहेत, जिथे बघण्यासारखं काही नाही.

“आधी मारलं आणि मग दही दिलं?” सात वर्षांची नात विचारते. “का?”

आता मोठ्यांची दाणादाण. नाशिकच्या काकू म्हणतात, कारण तिला त्याच्याहून जास्त लागलं होतं. एक बाबा म्हणतो, हे काही बरोबर नाही आणि आज तरी असं सांगू नये. ठाण्याच्या ताई म्हणतात, मग काय पुस्तकातून ते पान फाडायचं? आवाज चढतात. मेथीवाली म्हणते की तिच्या आईने मारलंही आणि दहीही दिलं नाही. यावर सगळे हसतात, तीही हसते, जरा उशिरा.

पडदे ओढणाऱ्या मुलाला यातलं काही नको आहे. त्याचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पंचवीस मीटर पोहता यायला हवं असा नियम आहे आणि त्याने ते या वर्षी पार केलं आहे.

“श्यामने ट्वेंटी-फाइव्ह मीटर्स केले का?”

आजी पान उलटून बघतात. “तसं दिलेलं नाही रे.”

“विहीर किती मीटर असते?”

नागपूरचे काका म्हणतात, त्यांच्या शेतातली या खोलीएवढी. नाशिकच्या काकूंच्या मते त्याहून मोठी. वृश्चिकेचा माणूस उठून भिंतीपासून सोफ्यापर्यंत पावलं टाकतो, पोरांच्या अंगावरून उड्या मारत, आणि जाहीर करतो: चार मीटर.

“मग पंचवीस कसे होणार?”

“गोल गोल फिरायचं,” आजी बोर्डिंग पास पानात घालत म्हणतात. “होईपर्यंत.”

“आणि मध्ये पाय टेकायचा नाही?”

“टेकशील कुठे? तळ लागायला तर हवा.”